‘पगार’ शब्दाचा प्रवास : लॅटिनपासून मराठीपर्यंत

दिल्लीत महिनाअखेरीस ‘तनख्वाह’ मिळते, शासकीय कागदावर ‘वेतन’ असते आणि मराठी घरात मात्र ‘पगार’ होतो. पहिला शब्द फारसी, दुसरा संस्कृत. तिसरा कुठला, ते या टिपणात पाहू.

मूळ अर्थ : लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता. त्यावरून ‘पाकारे’ हे क्रियापद झाले : शांत करणे. बंडखोर प्रदेश ताब्यात आणण्यालाही रोमन हेच क्रियापद वापरत. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याला ‘धनकोचे समाधान करणे’ असा अर्थ आला. देणे चुकते झाले की तगादा थांबतो. म्हणून शांत करणे म्हणजेच पैसे देणे. मराठी विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. आपण तहान भागवतो, तसेच देणेही भागवतो.

ध्वनिबदल : ‘पाकारे’चे फ्रेंचमध्ये आधी ‘पाइए’सारखे रूप झाले, आज ते ‘पेये’ आहे. इंग्रजी ‘पे’ जुन्या फ्रेंचमधूनच आला. पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये ‘पागार’, इटालियनमध्ये ‘पागारे’. दोन स्वरांमधला ‘क’ पोर्तुगीजमध्ये ‘ग’ होतो, फ्रेंचमध्ये बहुधा गळतो. मित्र या अर्थाचा लॅटिन ‘अमीकुस’ पाहा : पोर्तुगीजमध्ये ‘अमिगो’, फ्रेंचमध्ये ‘अमी’.

मराठीत आगमन : आपल्या शब्दातला ‘ग’ हाच पुरावा. शब्द इंग्रजी किंवा फ्रेंचमार्गे आला असता, तर तो उरला नसता. इतिहासही याला दुजोरा देतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोन शतकांत किल्ले, जहाजे, गोद्या येथे पोर्तुगीज मालक आणि स्थानिक कामकरी यांचा रोजचा संबंध होता. पाव, चावी, बटाटा हे शब्दही पोर्तुगीजमधूनच आले. मात्र पोर्तुगीज ‘पागार’ हे क्रियापद आहे. मराठीने त्याचे नाम केले. देणाऱ्याची क्रिया घेणाऱ्याच्या हाती पडून वस्तू झाली.

निष्कर्ष : नुसत्या उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. ध्वनिनियम, अर्थाचा क्रम आणि लोकसंपर्काचा इतिहास, तिन्ही जुळावे लागतात. पगार थकला की कामगार अशांत का होतात, याचे उत्तर मात्र शब्दातच आहे.

स्वाध्याय : ‘पाव’ आणि लॅटिन ‘पानिस’ यांचा संबंध या तीन कसोट्यांवर तपासा.