चांदीवर चढलेले इंद्रधनुष्य : आद्य अमेरिकी नाण्यांच्या रंगांची कथा

१/ देवघरातले चांदीचे निरांजन काळवंडले की रांगोळीने घासून ते लख्ख करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेच्या जुन्या नाण्यांच्या जगात मात्र असे घासलेले नाणे सदोष ठरते, आणि कडेने निळे-जांभळे झालेले नाणे लिलावात मोठा भाव मिळवून जाते. ज्याला एके काळी मळ समजत, त्याला हा मान कसा मिळाला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ फिलाडेल्फियात होतो. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची राष्ट्रीय टांकसाळ स्थापन झाली. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस तिचे पहिले संचालक झाले. एका डॉलरचे वजन ४१६ ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, असे कायद्याने ठरवले. उरलेला सुमारे अकरा टक्के भाग तांब्याचा, कारण निव्वळ चांदी मऊ असते आणि हाताळणीत लवकर झिजते.

३/ कायदा झाला, तरी चांदीची नाणी लगेच पडली नाहीत. १७९२ च्या उन्हाळ्यात पाडलेली छोटी अर्ध-डाइम तेवढी अपवाद. मुख्य नाणेकार आणि धातुपरीक्षक यांनी प्रत्येकी १०,००० डॉलरची हमी दिल्याखेरीज सोन्याचांदीला हात लावू नये, अशी अट होती. एवढी हमी त्यांना देता येईना. अखेर १७९४ मध्ये काँग्रेसने ती रक्कम कमी केली.

४/ १५ ऑक्टोबर १७९४ रोजी पहिले १,७५८ चांदीचे डॉलर तयार होऊन बाहेर पडले. त्यांच्या एका बाजूला मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता आणि दुसऱ्या बाजूला गरुड होता. एवढे मोठे नाणे नीट ठसवण्याइतके बळ टांकसाळीच्या दाबयंत्रात नव्हते. त्यामुळे यांतील बहुतेक नाण्यांच्या डाव्या कडेचा ठसा अस्पष्ट उमटला आहे.

५/ या नाण्यांवर आणखी एक खूण आढळते. ठसा मारण्यापूर्वी प्रत्येक कोरी चकती तोलली जाई. ती जड भरली, तर कानशीने घासून तिचे वजन कमी करीत. त्या घासण्याच्या बारीक समांतर रेघा कित्येक नाण्यांवर आजही दिसतात. संग्राहक त्यांना टांकसाळीतल्या जन्मखुणा मानतात. हाच ओरखडा ठसा मारल्यानंतर पडला असेल, तर तो दोष ठरतो. रेघ सारखीच दिसते. ती केव्हा पडली, यावर तिचा अर्थ ठरतो. रंगांच्या बाबतीतही पुढे हाच प्रश्न उभा राहणार होता.

६/ ही नाणी लोकांनी खर्च केली, झिजवली, वितळवली, परदेशी धाडली. नवे कोरे नाणे जपून ठेवावे, असे त्या पिढीत फारच थोड्यांना वाटले. अमेरिकेत नाणेसंग्रहाचा छंद खऱ्या अर्थाने फोफावला तो १८५७ च्या सुमारास, तांब्याचे मोठे सेंट बंद झाल्यावर. तोवर पहिल्या डॉलरला साठ वर्षे उलटून गेली होती.

७/ मग जी थोडी नाणी न झिजता उरली, ती कशी? बऱ्याचदा विसरली गेल्यामुळे. १९६४ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात लॉर्ड सेंट ओसवाल्ड यांच्या घराण्यातली नाणी विक्रीस आली. त्यांत १७९४ चे दोन जवळजवळ न वापरलेले डॉलर होते. १७९४-९५ मध्ये अमेरिकेचा प्रवास करणाऱ्या सर विल्यम स्ट्रिकलंड यांनी ती आणली असावीत, असे पुढील संशोधनातून दिसले. म्हणजे सुमारे १७० वर्षे ती इंग्लंडमध्ये नुसती पडून होती.

८/ अशा पडून राहण्याच्या काळातच चांदीवर रंग चढतो. हवेत गंधकाचे वायू अत्यल्प प्रमाणात असतात. दगडी कोळशाच्या धुरातून, कागदातून, कापडातून ते येत राहतात. त्यांच्याशी संयोग होऊन चांदीच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर जमतो. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तीही याच क्रियेने.

९/ पण काळा रंग ही या क्रियेची शेवटची पायरी आहे. थर पातळ असतो तेव्हा प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही भाग खालच्या चांदीवरून. दोन्ही किरण एकत्र येताना काही रंग परस्परांना खोडून टाकतात आणि उरलेले डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग रंगीत दिसतो, तसाच हा प्रकार. नाण्यावरचे हे इंद्रधनुष्य कुठल्याही रंगद्रव्याने आलेले नसते.

१०/ थराच्या जाडीप्रमाणे रंगांचा क्रमही ठरलेला असतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग किरमिजी-जांभळा, त्यानंतर निळा. इथवरचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो वाढला की पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा अशी दुसरी फेरी येते, आणि शेवटी सारे रंग काळ्यात बुडतात. जाणकार संग्राहक नाणे पाहताना हा क्रम बारकाईने तपासतात. सोनेरीला लागूनच गडद निळा आला आणि मधल्या छटा गायब असल्या, की शंका येते.

११/ नाणे कुठे राहिले, हेही रंगावरून वाचता येते. १९३० च्या दशकात वेट रेमंड यांनी विकलेले पुठ्ठ्याचे अल्बम घरोघरी पोहोचले. त्या पुठ्ठ्यात गंधकाचा अंश होता. गोल खाचेत बसवलेल्या नाण्याच्या कडेला पुठ्ठा भिडलेला असे, त्यामुळे रंग कडेकडून आत सरकत गेला : कडेला निळा, त्याच्या आत जांभळा, मध्यभागी सोनेरी किंवा शुभ्र. कागदी पाकिटांतल्या नाण्यांवर असे कडे सहसा दिसत नाही. तिथे रंग बहुधा पृष्ठभर पसरतो.

१२/ हे सारे आज कौतुकाने सांगितले जाते. पूर्वी मात्र अनेक संग्राहक या रंगांकडे निव्वळ मळ म्हणून पाहत. नाणे टांकसाळीतून निघाले तसे पांढरे दिसले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी भुकट्या, मऊ कापड, ब्रश, इतकेच काय, पोटॅशियम सायनाइडचे द्रावणही वापरले जाई.

१३/ या हव्यासाने एक बळीही घेतला. जे. सॅनफोर्ड सॉल्टस हे अमेरिकी नाणेशास्त्राचे मोठे आश्रयदाते. पदककलेसाठी दिला जाणारा एक नामांकित पुरस्कार आजही त्यांचे नाव धारण करतो. जून १९२२ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ते नाणी स्वच्छ करीत होते. शेजारी जिंजर एलचा पेला होता. चुकून सायनाइडचे द्रावण प्यायले गेले आणि त्यांचा मृत्यू झाला.

१४/ पुढे थायोयुरिया आणि आम्ल यांचे तयार द्रावण बाजारात आले. नाणे काही क्षण त्यात बुडवले की रंग उतरतो. वरवर पाहता काहीच बिघडत नाही. पण सल्फाइडच्या थरात जी चांदी असते, ती मूळची नाण्याचीच. रंग उतरतो तेव्हा ती चांदीही कायमची निघून जाते.

१५/ यात नेमके काय हरवते? ठसा बसताना दाबाखालचा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे हातात कलते केले की झळाळीचे पट्टे चक्राच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळे. वारंवार बुडवलेल्या नाण्यावर या रेषा पुसट होतात. नाणे पांढरे दिसते, पण निस्तेज. गेलेली झळाळी परत आणण्याचा कोणताही उपाय नाही.

१६/ म्हणूनच न धुतलेल्या नाण्यांचे जुने संग्रह बाजारात आले की खळबळ उडते. असा एक संग्रह सेंट लुइसचे वकील आणि नाणे-अभ्यासक एरिक न्यूमन यांचा होता. जन्म १९११, मृत्यू २०१७. १०६ वर्षांचे आयुष्य. तरुणपणी त्यांनी बर्डेट जॉन्सन या व्यापाऱ्याबरोबर कर्नल ई. एच. आर. ग्रीन यांच्या प्रचंड संग्रहातली अनेक नाणी मिळवली. ग्रीन हे हेटी ग्रीन या विख्यात धनाढ्य स्त्रीचे पुत्र. १९३६ मध्ये ते वारले होते.

१७/ न्यूमन यांनी ही नाणी दशकानुदशके साध्या कागदी पाकिटांत ठेवली आणि त्यांचा अभ्यास केला. केनेथ ब्रेसेट यांच्यासह १९६२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी '१८०४' हे साल असलेल्या प्रसिद्ध डॉलरचे रहस्य उलगडले : ती नाणी १८०४ ची नसून १८३० च्या दशकात, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना द्यायच्या भेटींसाठी पाडलेली होती. कागदपत्रांवाचून नाण्यावरच्या सालावरही विसंबू नये, हा धडा त्यांनीच घालून दिला.

१८/ नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूमन यांच्या संग्रहातला १७९६ चा पाव डॉलर लिलावात निघाला. पाव डॉलरचे नाणे पाडण्याचे ते पहिलेच वर्ष. संख्या अवघी ६,१४६. हे नाणे ग्रीन यांच्याकडून आलेले, झीज नाही, पृष्ठावर अनेक रंगांची जुनी छटा. किंमत आली १५,२७,५०० डॉलर.

१९/ नाण्याची प्रत ७० अंकांच्या मापाने ठरते. हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी मांडले. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या संस्था नाणे तपासून, प्रत ठरवून, प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देऊ लागल्या. एनजीसी तर विशेष देखण्या नाण्यांना अंकापुढे तारा देते. अशा रीतीने सौंदर्याला अधिकृत चिन्ह मिळाले आणि त्या चिन्हाला बाजारभाव.

२०/ भाव आला, तिथे नक्कलही आली. गंधकयुक्त रसायने, उष्णता आणि वायू यांच्या साहाय्याने शंभर वर्षांचा रंग एका दुपारीत चढवता येतो. असा रंग सहसा भडक असतो, छटांचा क्रम तुटलेला असतो, आणि कधी तो ओरखड्यांच्या खाचांतही सारखाच शिरलेला दिसतो. शंका आली की तपासणी संस्था रंग संशयास्पद ठरवून नाण्याला प्रत देत नाहीत.

२१/ तरी अडचण सुटत नाही. खोट्या रंगातही बहुधा तेच सिल्व्हर सल्फाइड असते, जे खऱ्यात. कोणी रंग यावा म्हणून मुद्दाम नाणे जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये वर्षभर ठेवले, तर तो रंग नैसर्गिक म्हणायचा की कृत्रिम? रसायनशास्त्र इथे निवाडा करू शकत नाही. कानशीच्या रेघेसारखाच हाही प्रश्न 'केव्हा आणि कशासाठी' याचा आहे, आणि त्याचे उत्तर धातूत नसून इतिहासात आहे.

२२/ म्हणून न्यूमन यांच्या नाण्यांना इतके वजन आले. रंग सुंदर होते, हे एक कारण. पण ते नाणे ग्रीन यांच्याकडून न्यूमन यांच्याकडे आणि तिथून थेट लिलावात आले, ही मालकीची साखळी नोंदीने सिद्ध होती. रंगीत नाण्यांचे वेड पसरण्याच्या कितीतरी आधीच ते पाकिटात गेले होते. तेथे रंग ही साक्ष होती, आणि त्या साक्षीला कागदाचा दुजोरा होता.

२३/ विरोधी मतही दुर्लक्षिण्याजोगे नाही. सल्फाइड हा अखेर धातूचा क्षयच आहे. आजचा देखणा निळा रंग उद्याच्या काळ्याकडे जाणारी वाट आहे, आणि बंद पेटी ही गती मंद करते, थांबवत नाही. शुभ्र नाणे पसंत करणारे संग्राहक हेच सांगतात. मात्र २०० वर्षांनंतरही झगझगीत पांढरे दिसणारे नाणे कोणी कधी धुतले नसेल, याची खात्री देणे त्यांनाही कठीण जाते.

२४/ १७९४ च्या एका डॉलरला जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किंमत आली. तो ज्या दिवशी पडला, त्या दिवशी त्याचे मोल एक डॉलर होते आणि त्याच्या १,७५७ भावंडांचेही तेवढेच. भावंडे बाजारात फिरली, झिजली, घासली गेली, आटवली गेली. मोजकीच आज उरली आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या कडेवर चढलेली निळसर छटा एवढेच सांगते की मधल्या काळात कोणीतरी त्याला हात लावण्याचा मोह आवरला होता.