माळ्यावरचा संगणक आणि पॅरिसची पोरं

मंडळी, आमच्याकडे आता 'होम थिएटर' आहे! हसू नका. चिरंजीवांनी माळ्यावर टाकलेला जुना संगणक, त्याचेच धूळ खात पडलेले स्पीकर आणि हॉलमधला टीव्ही, एवढाच त्याचा पसारा. नवीन खरेदी फक्त दोन वायरींची. जुन्या संगणकाची व्हीजीए वायर चित्र नेते, आवाज नेत नाही. त्याला दुसरी वायर लागते. हे कळायला मला अख्खी संध्याकाळ लागली. असो.

खटाटोप सौ.साठी. दोन-तीन वर्षांपासून तिला कमी ऐकू येतं. संवाद कळेनात म्हणून तिने सिनेमा पाहणंच सोडलं होतं.

घरात सिनेमा आणायची आमच्या पिढीची हौस जुनी. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली, रंग आले १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास. मग भाड्याचा व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे! पुढे व्हीसीडी, डीव्हीडी. दर वेळी नवं खोकं घ्यायचं. ही सगळी कामं एकटा संगणक करू लागला, त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे.

१९९६ च्या सुमारास पॅरिसजवळच्या 'एकोल सांत्राल' या अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहातल्या संगणकांचं जाळं विद्यार्थीच सांभाळत. ते फार संथ होतं. पोरांना एकमेकांशी खेळ खेळायला वेगवान जाळं हवं होतं. पण खेळासाठी पैसे देणार कोण? त्यांनी युक्ती काढली. उपग्रहावरून येणारा टीव्ही या जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोचवायचा! दर खोलीला वेगळी डिश आणि वेगळा डीकोडर घेण्यापेक्षा डिश एकच, आणि चित्र उलगडून दाखवण्याचं काम खोलीतल्या साध्या संगणकाने करायचं. त्यासाठी त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो मुक्त परवान्याखाली जगाला खुला झाला. तोच आपला व्हीएलसी. त्याचं नारिंगी शंकूचं चिन्हसुद्धा पोरांनी रस्त्यावरून गोळा केलेल्या शंकूंवरून आलं!

खेळापायी अभ्यास बुडवणाऱ्या किती मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल... आज त्यांचीच आठवण आली.

आता सौ.ची गोष्ट. आमच्याकडे 'श्यामची आई'ची व्हीसीडी आहे. अत्र्यांचा १९५३ चा हा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. जुन्या संगणकात सीडी ड्राइव्ह होताच. सिनेमा त्यावर उतरवून घेतला आणि संवाद ऐकून-ऐकून मी स्वतः टंकायला बसलो. सबटायटलची फाईल म्हणजे साधा मजकूर: अनुक्रमांक, सुरू-बंद होण्याची वेळ आणि वाक्य. फाईलला सिनेमाचंच नाव देऊन शेजारी ठेवली की व्हीएलसी ती आपोआप उचलतो. फक्त ती युनिकोडमध्ये साठवावी, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन दिसतात. अक्षरंही हवी तेवढी मोठी करता येतात.

गेल्या रविवारी पहिली वीस मिनिटं दाखवली. ती टीव्हीला टेकल्यासारखी पुढे सरकून वाचत होती. संपल्यावर म्हणाली, "अहो, दोन ठिकाणी वेलांटी चुकलीय तुमची." मग थोड्या वेळाने, "पुढचं कधी?"

रोज चार-पाच मिनिटांचं टंकून होतं. येत्या रविवारपर्यंत पुढची वीस मिनिटं तयार हवीत. तेव्हा आज इथेच थांबतो.