बोटीच्या इंजिनाची बॅटरी चार्ज होत नाही? नवी घेण्याआधी दोन रीडिंग घ्या

वसमत : जुलै २०२२ मध्ये तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचं पाणी शिरलं होतं. अशा वेळी बचावाच्या बोटीचं इंजिन पहिल्या सेल्फला उठलं पाहिजे. पण पूरबोट वर्षाचे बरेच महिने शेडमध्ये पडून असते आणि बॅटरी बसल्या जागी उतरते. त्यामुळे पावसाळ्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

चार्जिंग होतं कसं?
बोटीच्या मागे लावायच्या इंजिनात फ्लायव्हीलखाली कॉइल असते. इंजिन फिरलं की तिच्यातून एसी करंट निघतो. रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचा डीसी करून बॅटरीला देतो. दोरीने सुरू होणाऱ्या काही लहान इंजिनांना चार्जिंगची सोयच नसते. हे आधी पुस्तिकेत पाहावं.

पहिलं रीडिंग : इंजिन बंद
बॅटरी काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे फुल चार्ज. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर आधी बाहेरच्या चार्जरवर लावा. चार्ज करूनही रातोरात उतरत असेल तर बॅटरीच खराब असू शकते, किंवा एखादा दिवा, पंप चालू राहतोय.

दुसरं रीडिंग : इंजिन चालू
थोडा रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा जागचा हललाच नाही तर पुढच्या क्रमाने पाहा :

१. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर घासून काढा, नट आवळा. बऱ्याचदा दुखणं इथंच असतं.
२. फ्यूज उडालाय का ते पाहा. शेडमधल्या बोटीची वायर उंदरांनी कुरतडलेली असू शकते.
३. हे सगळं ठीक असेल तर कॉइल आणि रेक्टिफायर मेकॅनिककडून तपासून घ्या.

आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय असं समजा. बॅटरीचं पाणी लवकर आटणं हीसुद्धा त्याची खूण.

सिद्धेश्वर, येलदरीसारख्या जलाशयात सतत कमी स्पीडवर बोट चालवली, वर सर्चलाइटही लावला, तर कमी आरपीएमला करंट पुरत नाही. तिथे बिघाड नसतानाही बॅटरी उतरते.

हे करू नका
- पाण्याची सोय न करता इंजिन जमिनीवर चालवू नका. पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर जळतं.
- चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नका. प्लस-मायनस उलटं लावू नका. दोन्हीत रेक्टिफायर जळू शकतो.
- चार्जिंगच्या जागी बिडी-काडी नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

बोट पडून असताना मायनसची वायर काढून ठेवा आणि महिन्याला एकदा बॅटरी चार्ज करा. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटरच टाका. इंजिनाला दोरी असेल तर तीही ओढून पाहा. सेल्फ बसला तर तीच कामाला येते.