जळू, तुंबडी आणि मलम

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी अंमल संपुष्टात आला, तोपर्यंत जिंतूर हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता; आणि ज्या मुलखात दप्तर उर्दूचे व रयतेची बोली मराठी, तेथे रोग्याच्या उशाशी वैद्यही बसे आणि हकीमही. गाल व नाक कायमचे तांबूस होणे, त्यांवर पुळ्या उठणे, कातडीखाली बारीक शिरांचे जाळे दिसू लागणे, या ज्या विकारास आज रोझेशिया म्हणतात, त्याचा दोष रक्ताला द्यावा, याबाबत आयुर्वेद व युनानी या दोन्ही शास्त्रांचे एकमत होते. सुश्रुताने चेहऱ्यावरील व्यंग म्हणजे वांगासारख्या विकारांत शिरेतून रक्त काढण्यास सांगितले, हकीम इब्न सीनाने ‘बादशनाम’ या नावाने मुखावरची तीव्र लाली वर्णिली, आणि वैदूंनी तुंबडी गावोगाव नेली. एकदा लावलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये, हा वाग्भटाचा दंडक पाहिला म्हणजे त्या कर्मामागील शिस्तीविषयी आदर वाटतो. तथापि रक्त काढल्याने विस्फारलेली केशवाहिनी आकुंचित होत नाही. पुरातनांचे खरे श्रेय मला पथ्यात दिसते, कारण ऊन, तिखट आणि मद्य वर्ज्य करावे, हे आजचा त्वचारोगतज्ज्ञही सांगतोच.

1952 साली हायड्रोकॉर्टिझोनचे मलम त्वचेवर गुणकारी ठरले, त्याहून प्रखर स्टिरॉइडे मागाहून आली, आणि गोरेपणाच्या लोभाने तीच क्रीमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली जाऊ लागली. प्रारंभी वाहिन्या आकसून लाली ओसरते. क्रीम थांबवताच ती दुपटीने उसळते, कातडी पातळ होते, आणि ज्या शिरा मुळात दिसतच नव्हत्या त्या उघड्या पडतात. औषधानेच रोग निर्माण करावा, याहून मोठा अनर्थ कोणता? सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठीविना त्यांच्या विक्रीस मनाई केली.

खरा उपाय आज उपलब्ध आहे: पुळ्यांवर मेट्रोनिडाझोल वा आयव्हरमेक्टिन, आणि शिरांसाठी लेसर, ज्याचे तत्त्व अँडरसन व पॅरिश या संशोधकांनी 1983 साली मांडले: विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश रक्तात शोषला जाऊन तेवढीच वाहिनी तापते व मिटते. सावळ्या कातडीत रंगद्रव्यही प्रकाश शोषते, म्हणून तेथे अधिक लांब तरंगाचे यंत्र व अनुभवी हात हवा. अशा कातडीवर लाली डोळ्यांस सहज दिसत नाही, तेव्हा जळजळीची तक्रार वैद्याने आवर्जून विचारावी.

जिंतूरच्या वाचकास माझी विनंती एवढीच, की क्रीमच्या वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल वा मोमेटासोन हे नाव आढळल्यास ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून चेहऱ्यास लावू नये, आणि आधीच लावत असल्यास ते त्यांच्याच सल्ल्याने सोडावे.