रँग्लर

तुम्ही गर्दीत उभे आहात. १८९९ चा जून, केंब्रिजचं सेनेट हाऊस. वर सज्ज्यात परीक्षक कागद उलगडतात आणि खालचा गलका एकदम थांबतो. गणिताच्या ट्रायपॉसचा निकाल इथे मोठ्याने वाचतात, तोही गुणानुक्रमे. पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. यंदा दोघं बरोबरीने पहिले आले आहेत. एक बर्टविसल. दुसरं नाव त्या इंग्रजी जिभेवर अडखळतं, पण तुमच्या कानाला ते क्षणात कळतं. परांजपे.

अंगावर काटा आला ना? येऊ द्या. आजवर एकाही हिंदी माणसाला हा मान मिळालेला नाही. सेंट जॉन्स कॉलेजचा हा रघुनाथ पुरुषोत्तम २३ वर्षांचा आहे, दापोलीकडच्या मुर्डीचा, नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने शिकलेला. आणि महिनाभरापूर्वीच इकडे येरवड्याच्या तुरुंगात बाळकृष्ण आणि वासुदेव चापेकर प्लेग अधिकारी रँडच्या हत्येच्या प्रकरणात फासावर गेले आहेत. एकाच पुण्याच्या या दोन बातम्या. मला त्या वेगवेगळ्या वाचताच येत नाहीत.

आता १९०२. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. फळ्यापाशी हातात खडू घेऊन तेच उभे आहेत, आता प्राचार्य म्हणून. या माणसाला कुठलीही बडी सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आजीव सदस्यत्व म्हणजे २० वर्षं बेताच्या पगारावर शिकवायचं, आणि ते त्यांनी पत्करलं. पहिला नंबर अनेकांचा येतो. तो घेऊन असं घरी परतणं मला त्याहून मोठं वाटतं. पुणेकरांनी 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली, ती काही उगाच नाही.

पण १९०५ मध्येही थांबा. मुठेकाठी विदेशी कपड्यांची होळी झाली आहे. प्राचार्य परांजपे विनायक सावरकर या विद्यार्थ्याला १० रुपये दंड करतात, वसतिगृहातून काढतात. टिळक खवळतात. ही शिक्षा मलाही खुपते. परांजपे पक्के नेमस्त आणि बुद्धिवादी. चळवळीच्या धगीपासून कॉलेज सांभाळायचं, हा त्यांचा हिशोब. पण पोराच्या मनातली आग त्या हिशोबात कुठेच धरलेली नव्हती.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. मुंबई इलाख्याचं शिक्षणमंत्रिपद, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचं कुलगुरुपद, १९४४ पासून ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर.

१९५६. गणेशखिंड. जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यासमोर तुम्ही उभे आहात. इथे आता पुणे विद्यापीठ आहे. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँडची बग्गी इथूनच निघाली होती, आणि खिंडीच्या रस्त्यावर चापेकर वाट पाहत होते. त्या रात्री परांजपे केंब्रिजचे विद्यार्थी होते. आज ८० वर्षांचे कुलगुरू म्हणून ते याच दारातून आत चालले आहेत. जरा बाजूला व्हा, त्यांना वाट द्या.