मातीची भिंत आणि नदीचा उतार

लढाई म्हटली की दगडी किल्ले डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या भागातली एक मोठी लढाई मातीच्या गावकुसापाशी झाली. आज तिच्याबद्दल बोलू या.

आमच्या हर्सूलहून फुलंब्री, सिल्लोड करत भोकरदनला गेलं की पुढे असई गाव लागतं. ते आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत तो भाग आपल्याच जिल्ह्यात होता. गावाच्या एका अंगाला जुई नदी, दुसऱ्या अंगाला केळणा, आणि पुढे दोघींचा संगम.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या पलीकडे होत्या. अलीकडे इंग्रज कंपनीचा सेनापती वेलस्ली. त्याच्या फौजेतही बहुतेक शिपाई आपल्याच देशातले. वाटाडे म्हणाले, दुसरा उतार नाही. पण वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं, इथे माणसं ये-जा करत असणारच. उतार निघाला. तिथे पहारा नव्हता, फौज पार झाली.

मग शिंद्यांच्या पलटणींनी तोंड फिरवून नवी रांग धरली. तिचं एक टोक नदीला, दुसरं असईच्या मातीच्या गावकुसाला टेकलेलं. माती कमी समजू नका. दगडाला गोळा लागला की कपच्या उडतात. जाड मातीत तो रुतून बसतो. गावाकडे भरकटलेल्या इंग्रजी तुकडीची तिथल्या तोफा-बंदुकांनी दाणादाण उडवली. कंपनीचे चारशेवर मेले, अकराशेवर जखमी झाले. तरी संध्याकाळी मराठी फौजेला तोफा सोडून जुईपलीकडे जावं लागलं.

भिंत टिकली, पण उतार मोकळा राहिला. जी वाट धुणं घेऊन जाणाऱ्या बाईला, गुरं नेणाऱ्या पोराला ठाऊक असते, तिच्यावरच पहारा नव्हता.

आपल्याकडे अनेक गावांत गढीची, गावकुसाची पांढरी माती घरं लिंपायला, अंगण सारवायला नेतात. दरवर्षी थोडी थोडी भिंत जाते आणि तिच्याबरोबर गावाची आठवणही. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा: गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, कूस कुठून कुठवर होतं, वेस कुठे होती, नदीला उतार कुठे होता. सांगतील ते वहीत लिहून ठेवा. भिंतीची उरलेली माती मात्र तिथेच राहू द्या.