छातीत शिवलेले कापड

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती फुगली किंवा फाटली तर सर्जन तिचा तेवढा भाग कापून काढतात आणि त्या जागी एक नळी शिवतात. ही नळी कापडाची असते. लूमवर विणलेली, ताना-बाना असलेली, पॉलिस्टरची. धुळ्यात किंवा मालेगावात ज्यांचे आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेले, त्यांना हे सांगितले की आधी ते हसतात आणि मग विचारतात, "कापडातून रक्त झिरपत नाही का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. सर्जनांना त्याचे पक्के उत्तर शोधायला तीसेक वर्षे लागली.

उर्दूत आपण सर्रास 'शहरग' म्हणतो, पण ती मानेतली. महाधमनीला अरबीत 'अबहर' असा शब्द आहे. कुरआनच्या सूरह अल-हाक्कामध्ये 'वतीन' येतो, त्याचाही अर्थ भाष्यकार हृदयाशी जोडलेली मोठी वाहिनी असाच करतात. ती तुटली की माणूस संपला, हे जुन्या हकिमांना पक्के माहीत होते. तेराव्या शतकात कैरोत इब्न नफीस यांनी तर त्याच्याही पुढची गोष्ट मांडली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रे नसतात, रक्त फुफ्फुसातून फिरून डाव्या बाजूला येते, असे त्यांनी लिहिले. हा लेख तिथेच थांबवून 'बघा, आपण किती पुढे होतो' म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. मला तो होत नाही. शरीर कळणे आणि त्या शरीरावर हात चालणे यांच्यात तब्बल सात शतकांचे अंतर पडले, आणि आजच्या रुग्णाला वाचवते ते त्या अंतरानंतरचे काम.

आजार नेमका काय आहे, ते आधी पाहू. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की आतला थर एखाद्या दिवशी फाटतो आणि रक्त थरांच्या मधे घुसते. जुन्या गोधडीची शिवण उसवून आतले पदर सुटावेत, तसे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 25 ऑक्टोबर 1760 रोजी सकाळी शौचालयात कोसळून मेला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शव उघडले तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली होती आणि महाधमनीला चीर गेलेली होती. या आजाराची ही सर्वांत प्रसिद्ध जुनी नोंद. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे डॉक्टर हा आजार बहुतेक वेळा मृत्यूनंतरच ओळखत राहिले.

पहिले धाडस मेलेल्या माणसाच्या रक्तवाहिनीने झाले. 1951 साली पॅरिसमध्ये चार्ल्स द्युबोस्त यांनी पोटातली फुगलेली महाधमनी काढून तिथे मृत व्यक्तीची धमनी बसवली. पण अशा धमन्या मिळवायच्या कुठून, साठवायच्या कशा? शिवाय त्या काही वर्षांत चुना धरल्यासारख्या कडक होत किंवा पुन्हा फुगत. उत्तर कापडाने दिले. न्यूयॉर्कमधले तरुण सर्जन आर्थर व्हुरहीस यांना एका प्रयोगात दिसले की कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर शरीराने स्वतःचे गुळगुळीत अस्तर चढवले आहे. धाग्याला शरीर आपले मानत असेल तर कापडाला का नाही? त्यांनी आधी रेशमी रुमालाची नळी करून पाहिली, मग पॅराशूटच्या व्हिनयॉन कापडाची. 1952 मध्ये त्यांच्या गटाने हे प्रयोग प्रसिद्ध केले.

ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी हेच काम पुढे नेले. त्यांचे आईवडील लेबनॉनहून अमेरिकेत गेलेले अरब ख्रिश्चन. घराण्याचे मूळ नाव दबाघी. दब्बाग म्हणजे कातडी कमावणारा. आपल्याकडे पिंजारी, अत्तार, बागवान, मणियार ही नावे जशी धंद्यावरून पडली, तसेच हे. डिबेकींना शिवणकाम आईने लहानपणी शिकवले होते. ते कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले, नायलॉन संपले होते, म्हणून दुकानातल्या बाईने नवीन आलेले डेक्रॉन पुढे केले, ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. वारभर कापड घेऊन ते घरी आले आणि पत्नीच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवू लागले. पुढे फिलाडेल्फियाच्या एका वस्त्रोद्योग संस्थेतल्या तज्ज्ञाने त्यांच्यासाठी सलग, शिवण नसलेली नळी विणणारे यंत्र बनवून दिले. नळी वाकली तरी दुमडून बंद पडू नये म्हणून तिला चुण्या पाडण्याची युक्ती निघाली. आजही ती नळी चुण्यांचीच असते.

आता तो झिरपण्याचा प्रश्न. घट्ट विणलेल्या कापडातून रक्त कमी गळते, पण त्यातून सुई जड जाते आणि कडेचे धागे सुटतात. होजिअरीसारखे मऊ विणलेले कापड हाताला छान, पण चाळणीसारखे गळते. यावर सर्जनांनी काढलेली तोड अशी की ऑपरेशनच्या सुरुवातीला रुग्णाचेच थोडे रक्त घ्यायचे, नळी त्यात भिजवायची, रक्त धाग्यांत गोठू द्यायचे आणि मगच ती बसवायची. ज्यांनी सुताला खळ दिली आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. कोलेजन किंवा जिलेटिनने कारखान्यातच बुजवलेल्या नळ्या नंतर आल्या.

हृदयालगतच्या महाधमनीला हात घालायचा तर हृदय थांबवावे लागते. 1953 मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन माणसावर यशस्वी करून दाखवले. 1968 मध्ये लंडनच्या ह्यू बेंटॉल यांनी कृत्रिम झडप आणि कापडी नळी एकत्र बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डिस्चार्ज कार्डावर 'बेंटॉल' असा शब्द दिसतो, तो हाच. महाधमनीची कमान बदलताना मेंदूचा पुरवठाही काही मिनिटे थांबतो, म्हणून शरीर 20 अंशांच्या आसपास थंड करून ती मिनिटे कमावायची, हे तंत्र सत्तरच्या दशकात रुळले.

आपल्या राज्यात हे सगळे आले ते परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. केईएम आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 मध्ये सुरू झाले, तेव्हा देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग घडवला. त्यांचे नाव निघते ते हृदयरोपणासाठी. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी 3 डिसेंबर 1967 रोजी पहिले हृदय बसवले आणि तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, सेन यांनी मुंबईत तेच केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यू मानणारा कायदा देशात यायला 1994 उजाडले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयरोपण यशस्वी केले.

त्या गाजलेल्या ऑपरेशनपेक्षा सेन यांच्या गटाचे दुसरे काम मला मोठे वाटते. केईएमच्या वॉर्डात तरुण मुली, बायका येत. रक्तदाब भयंकर चढलेला, एका हाताची किंवा पायाची नाडी लागत नाही. महाधमनी मधेच सुजून आखडलेली असे. 1908 मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी यातल्या एका रूपाची नोंद केली होती. तिथे मानेकडच्या आणि हातांच्या वाहिन्या जास्त धरल्या जात. मुंबईत मात्र छाती-पोटातल्या मधल्या भागाचा आजार डोळ्यांत भरू लागला. सेन, किनरे, इंजिनियर आणि परुळकर यांनी 1963 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर निबंध लिहिला आणि 1973 मध्ये सेन यांच्या गटाने याच आजारावर 101 रुग्णांच्या अभ्यासाचे पुस्तक काढले. आखडलेल्या भागाला वळसा घालून कापडी नळी जोडणे, हा त्यांच्या उपचारांपैकी एक. जगाला दिलेले हे ज्ञान परळच्या फुकट वॉर्डातल्या बायकांच्या शरीरांवरून आले. त्यांची नावे कुठेही नाहीत.

आता मेहरूणकडे येऊ. तलाव आणि बोरे यांसाठी ओळखली जाणारी ही जळगावची वस्ती. जळगाव कापसाचे गाव, खान्देश मिलचे गाव. शेजारच्या अमळनेरला प्रताप मिल. इथून मुंबई रेल्वेने 420 किलोमीटर. हृदयाजवळची महाधमनी फाटली तर पहिल्या 48 तासांत, उपचार न झाल्यास, दर तासाला शंभरातला एक-दोन रुग्ण दगावतो, असा डॉक्टरांचा जुना हिशेब आहे. खुद्द डिबेकींची महाधमनी 31 डिसेंबर 2005 रोजी फाटली. तेव्हा ते 97 वर्षांचे होते. या आजाराचे जे वर्गीकरण जगभर शिकवले जाते ते त्यांचेच. त्यांनी दुखणे स्वतः ओळखले, आधी ऑपरेशनला नकार दिला आणि अखेर फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्याच शिष्याने त्यांना ती कापडी नळी बसवली. ते आणखी दोन वर्षे जगले. त्यांच्या दारात ह्यूस्टन होते.

खान्देशात दारात काय आहे? धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून, जळगावचे 2018 पासून. सरकारी पैशाची सोयही आहे. जीवनदायी योजना 1997 ची. राजीव गांधी योजना जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होते, पुढच्या वर्षी ती जळगावसह राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखाची मर्यादा आता पाच लाख झाली आहे. पण कार्ड खिशात असून भागत नाही. महाधमनीच्या कमानीवर हात चालणारे पथक मोठ्या शहरातच सापडते, आणि तिथे निघायच्या आधी कुणाला तरी दुखणे ओळखता आले पाहिजे.

घोडे तिथेच अडते. छातीत किंवा पाठीत एकदम, फाडल्यासारखी कळ येते आणि घरात ओवा दिला जातो. दवाखान्यात गेलेच तर हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारे औषध दिले जाण्याची शक्यता असते, आणि या आजारात तेच घातक. सीटी अँजिओग्राफीने काही मिनिटांत उलगडा होतो, पण ती करायची हे सुचायला हवे. त्याआधीची तपासणी तर फुकट आहे. दोन्ही हातांचे बीपी घ्यायचे आणि दोन्ही मनगटांची, पायांची नाडी बघायची. दोन हातांच्या आकड्यांत वीसेकचा फरक आला की डॉक्टरला महाधमनीचा संशय यावा. पंचविशीतल्या मुलीचे बीपी चढलेले असेल तर 'टेन्शन घेते' म्हणून तिला परत पाठवण्याआधीही हेच करायचे असते. केईएमच्या त्या चौघांनी 1963 मध्ये ज्यांच्याबद्दल लिहिले, त्या अशाच मुली होत्या.